घसरगाडी आणि पोफळीची विरी

श्रोतेहो, नमस्कार!

स्लेडिंग हा शब्द बर्फाळ मुलखातला. स्लेड म्हणजे चाकं नसलेली, बर्फावरून सरकणारी गाडी, आपली घसरगाडी. इंग्रजीत हा शब्द जुन्या डचमधून आला, आणि घसरणे या अर्थाच्या ‘स्लाइड’शी त्याचं सख्खं नातं आहे. उतारावरून सुसाट खाली येणं हे स्लेडिंग, आणि सामान लादलेली घसरगाडी मैलोन्‌मैल ओढत नेणं हेही स्लेडिंगच. मला यातला दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो.

अमेरिकेत एखादं विधेयक अडलं, धंदा मंदावला, की म्हणतात ‘टफ स्लेडिंग’. याचं मराठी करताना ‘कठीण घसरण’ असं लिहिलंत तर अर्थच उलटतो. आपल्याकडे घसरण रुपयाची होते, शेअर बाजाराची होते. इथे तर गाडी घसरतच नाही, हीच अडचण आहे. म्हणून मी बिनदिक्कत लिहीन : गाडं रुतलं.

पण बर्फावर गाडं रुततं कसं? गाडीच्या तळाच्या पट्ट्या बर्फावर घासल्या की उष्णतेने पाण्याचा अगदी पातळ थर सुटतो आणि गाडी सरकते. थंडी फार कडक असली की तो थर धरतच नाही. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे चार सोबती 17 जानेवारी 1912 ला दक्षिण ध्रुवावर पोचले, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्या घेऊन आलेले नॉर्वेचे अमुंडसेन महिनाभर आधीच तिथे जाऊन गेले होते. परतताना पारा उणे तीसच्या खाली गेला. पायाखालचा बर्फ वाळूसारखा झाला, आणि खांद्याला पट्टे बांधून ती माणसं गाडी ओढत राहिली. पाचांतला एकही परतला नाही.

कोकणातल्या श्रोत्यांना हे ओढणं हातांनी ठाऊक आहे. पोफळीची विरी, म्हणजे सुपारीच्या झावळीचा रुंद, खोलगट बुडखा, गळून पडली की धाकट्याने तिच्यात मांडी घालून बसायचं, देठ घट्ट धरायचा, आणि थोरल्याने पुढून ओढायचं. सारवलेल्या अंगणात विरी सुळकन जायची. जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर आली, की खरखर करत अडायची. मग थोरला मागे वळून म्हणायचा, “उतर रे आता!”