आधी फायली, मग प्रोग्राम, सिस्टीम शेवटी

"कुठला लॅपटॉप घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुमचं काम नेमकं कशावर चालतं? उत्तर बहुधा ब्राउझर, वर्ड, एक्सेल इथपर्यंत येतं आणि थांबतं. पण या तिघांपाशी सहसा अडत नाही. अडतं ते वर्षातून तीन-चारदाच लागणाऱ्या एखाद्या गोष्टीपाशी. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असतो आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण सिस्टीमशी जोडणारा छोटा प्रोग्राम, फक्त विंडोजसाठी असतो. जुना स्कॅनर असतो. मोजमापाच्या यंत्राबरोबर आलेलं एखादं सॉफ्टवेअर असतं. रोज समोर नसल्यामुळे या गोष्टी यादीत येत नाहीत. नवं मशीन घेऊन दोन महिने होतात, कागदपत्रं दाखल करायचा शेवटचा दिवस उजाडतो आणि तेव्हा टोकनची आठवण होते.

म्हणून कुठला घ्यायचा यापेक्षा कुठल्या क्रमाने ठरवायचं, यावर मी आज जास्त बोलणार आहे.

हा विषय सध्या इतक्यांच्या डोक्यात का आहे, ते तुम्हाला माहीत आहेच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ जाहीर झाली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ही आठवी पिढी २०१७ मध्ये आली. म्हणजे त्याआधीचं मशीन कितीही धडधाकट असलं, पडदा स्वच्छ असला, कीबोर्डची एकही कळ सैल झालेली नसली, तरी मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते बाद. मला हे मनापासून खटकतं. चालतं यंत्र केवळ यादीत बसत नाही म्हणून मोडीत काढणं हा अपव्यय आहे. त्यामुळे या निमित्ताने लोक लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार करू लागलेत, मॅककडे वळू लागलेत, याचं मला नवल वाटत नाही.

काळजी वाटते ती घाईची. एका शनिवारी नवा लॅपटॉप येतो, त्यावर नवी सिस्टीम, त्यात नवे प्रोग्राम, आणि सोमवारी काम सुरू. मंगळवारी एखादी फाइल वेडीवाकडी उघडते. आता दोष कुणाचा? मशीनचा, सिस्टीमचा, प्रोग्रामचा की फाइलचा? सगळं एकदम बदललेलं असल्यामुळे शोधायचं कुठून तेच कळत नाही. मग माणूस वैतागतो आणि "लिनक्स आपल्याला झेपत नाही" किंवा "मॅक आपल्या कामाचा नाही" असा शिक्का मारून मोकळा होतो. प्रत्यक्षात बिघाड एका फॉण्टचा असतो.

मोठ्या संस्थांच्या अनुभवातून हे जास्त स्पष्ट दिसतं. फ्रान्सच्या जांदार्मरी या राष्ट्रीय पोलीस दलाने २००५ मध्ये वर्ड-एक्सेलच्या जागी ओपनऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरायला सुरुवात केली. संगणकांवर तेव्हा विंडोजच होतं. पुढच्या वर्षी ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि मेलसाठी थंडरबर्ड आलं. तेही विंडोजवरच. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराकडे वळण्याचं काम २००८ मध्ये सुरू झालं. तोपर्यंत कर्मचाऱ्यांच्या रोजच्या खिडक्या बदलून झाल्या होत्या आणि त्यांची सवयही झाली होती. खालची सिस्टीम बदलली तेव्हा समोरचे प्रोग्राम ओळखीचेच राहिले. आज त्या दलाच्या हजारो संगणकांवर उबुंटूवर बेतलेली त्यांची स्वतःची आवृत्ती चालते.

दुसरीकडे जर्मनीतलं म्युनिक शहर. तिथल्या नगर परिषदेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं. सुमारे १५,००० संगणक बदलले गेले आणि २०१३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पण २०१७ मध्ये परिषदेने परत विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. तो का घेतला यावर अजून वाद आहेत, त्यात राजकारणाचाही वाटा होता. मात्र बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना त्रास होतो, ही तक्रार तिथे सतत होत राहिली. सिस्टीम तुमची एकट्याची असते, पण फायली तुमच्या आणि समोरच्याच्या अशा दोघांच्या असतात. दोन्हीकडचं माझं वाचन असं आहे की ऑपरेटिंग सिस्टीम बदलायचा प्रश्न मुळात फायलींचा आणि प्रोग्रामचा असतो. तो आधी सोडवला तर सिस्टीम बदलणं एका दुपारचं काम आहे. तो तसाच ठेवला तर वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं.

म्हणून पहिलं काम आजच्याच लॅपटॉपवर करायचं. काही विकत घ्यायचं नाही, काही पुसायचं नाही. ओपनऑफिससारखंच मोफत असलेलं लिबरऑफिस विंडोजवर उतरवून घ्या आणि एक महिना खरंखुरं काम त्यातच करा. ग्राहकाकडून आलेली वर्डची फाइल त्यात उघडा, दुरुस्त्या करा, परत पाठवा. समोरच्याला ती कशी दिसली ते विचारा.

इथे एक गोष्ट जवळून दाखवतो. समजा तुमचं एका पानाचं बिल आहे, कॅलिब्री फॉण्टमधलं. वर्डमध्ये ते नेमकं एका पानात बसतं. लिनक्सवर उघडलं की दोन पानं होतात आणि दुसऱ्या पानावर फक्त "अधिकृत स्वाक्षरी" एवढीच ओळ उरते. लोक म्हणतात लिबरऑफिसने फाइल बिघडवली. झालेलं असतं एवढंच की कॅलिब्री हा मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखालचा फॉण्ट आहे आणि तो लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी दुसरा फॉण्ट आला, त्याची अक्षरं केसभर रुंद निघाली, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या आणि शेवटची ओळ खाली ढकलली गेली. कार्लिटो नावाचा मोफत फॉण्ट आहे, त्याच्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे. तो बसवला की बहुतेक वेळा बिल मुकाट एका पानात येतं. एरिअल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी हेच काम लिबरेशन फॉण्ट करतात. हे माहीत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, नसेल तर सिस्टीम सोडून द्यायला पुरेसं कारण.

देवनागरीतून काम करणाऱ्यांनी आपल्या जुन्या फायली एकदा तपासाव्यात. युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक असलेल्या पद्धतीतला, मजकूर कुठेही जातो. युनिकोडपूर्व फॉण्टमधला मजकूर मात्र तो विशिष्ट फॉण्ट नसला की निव्वळ रोमन चिन्हांची रांग दिसतो. तो मजकूर जुनं मशीन चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून ठेवा. टायपिंगचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर आयता मिळतो. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांना प्रत्येक ठिकाणी कळांची मांडणी थोडी वेगळी भेटेल, तेवढी सवय करावी लागेल.

काही ठिकाणी मी सरळ थांबा म्हणतो. एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, लिहून सगळा हिशेब उभा केला असेल, आणि तो मॅक्रो लिहिणारा माणूस आता तुमच्याकडे नसेल, तर विंडोज सोडू नका. लिबरऑफिस काही मॅक्रो चालवतं, पण "काही" या शब्दावर कुणी पगारपत्रक सोपवू नये. छपाईसाठी इनडिझाइन किंवा फोटोशॉपच लागत असेल तर विंडोज किंवा मॅक, हा प्रश्न तिथेच मिटला. मेल लॅपटॉपवरच ठेवलेल्या आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये वर्षानुवर्षं साठलेला असेल तर तो आधी सर्व्हरवर चढवा किंवा थंडरबर्डमध्ये आणा. ती फाइल खुणावत नाही, जागा व्यापून बसलेली असते आणि फॉरमॅट करताना नेमकी तीच विसरली जाते.

महिना नीट गेला की मग लाइव्ह यूएसबी. लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू होतं, डिस्कला हात लागत नाही. मला वाटतं या सोयीचा लोक निम्मासुद्धा उपयोग करत नाहीत. डेस्कटॉप दिसला, छान आहे, बंद केलं, असं करू नका. वायफायला जोडा. व्हिडिओ कॉल लावून स्वतःचा पडदा शेअर करून बघा. प्रिंटरवर एक पान काढा. बाहेरचा मॉनिटर लावा, ब्लूटूथचा हेडफोन लावा. आणि झाकण मिटून अर्ध्या तासाने परत उघडा.

झाकणाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण लॅपटॉप घेताना हे कुणी विचारत नाही. पूर्वी झाकण मिटलं की लॅपटॉप खरोखर झोपायचा, रॅमपुरती वीज चालू आणि बाकी सगळं बंद. अलीकडच्या अनेक मॉडेलमध्ये ती सोय काढून टाकली आहे. तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आहे, म्हणजे मशीन फोनसारखं अर्धवट जागं राहतं. सगळं जुळलेलं असेल तर हे उत्तम चालतं. एखादा ड्रायव्हर नीट वागला नाही तर बॅगेतून लॅपटॉप गरम बाहेर निघतो आणि बॅटरी अर्धी उतरलेली असते. हे विंडोजवरही होतं, लिनक्सवरही होतं. म्हणून मशीन परत करण्याची मुदत असेपर्यंत एक रात्र हा प्रयोग करा. टक्के लिहून ठेवा, झाकण मिटा, सकाळी उघडून बघा. रात्रभरात दोन-चार टक्के गेले तर ठीक. तीस गेले तर मी ते मशीन ठेवणार नाही, मग बाकी कितीही चांगलं असो.

सिस्टीम ठरल्यावरच मशीन निवडा असं मी म्हणतो ते यासाठीच. लिनक्स वापरायचं असेल तर उबुंटूने तपासून प्रमाणित केलेल्या मॉडेलची यादी बघा. लेनोवो आणि डेल काही मॉडेल लिनक्ससहही विकतात. बाजारात कालच आलेलं मॉडेल मात्र काही महिने टाळा, त्यातल्या नव्या चिपचे ड्रायव्हर लिनक्समध्ये रुळायला वेळ लागतो. मॅक घ्यायचा तर ॲपलच्या स्वतःच्या चिपचाच घ्या. ती मालिका एम१ पासून, नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. जुना इंटेलवाला मॅक स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस २६ असेल, हे ॲपलनेच जाहीर केलं आहे. नव्या मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय, नाही. विंडोज लागलंच तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, आणि तेही आर्म या वेगळ्या जातीच्या चिपसाठीच्या आवृत्तीचं, तेव्हा तुमचा टोकन तिथे चालेल असं गृहीत धरू नका. स्नॅपड्रॅगन या आर्म चिपच्या विंडोज लॅपटॉपलाही हीच मेख आहे. जुने प्रोग्राम इम्युलेशनने, म्हणजे इंटेलच्या चिपची नक्कल करून, चालून जातात, ड्रायव्हर चालत नाहीत. जुना प्रिंटर, जुना स्कॅनर तिथेच अडतो.

आता प्रत्यक्ष यंत्र. प्रोसेसरवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि तिथे सगळ्यात कमी फरक पडतो. लिखाण, हिशेब, मेल, कॉल एवढ्याच कामांसाठी गेल्या तीन-चार वर्षांतला कुठलाही मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरतो. रॅमची गोष्ट वेगळी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये आणि सगळ्या नव्या मॅकबुकमध्ये ती कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तेव्हा १६ जीबीच्या खाली जाऊ नका. एसएसडी बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये बदलता येते, म्हणून पैसे कमी पडत असतील तर साठवणुकीत तडजोड करा, रॅममध्ये नको. पडदा १६:१० प्रमाणाचा बघा. उंची थोडी जास्त मिळते आणि कागदपत्रात दोन-तीन ओळी जास्त दिसतात, दिवसभर वाचणाऱ्याला त्याची किंमत कळते. कीबोर्डवर दुकानात उभ्या उभ्या नाव टाइप करून भागत नाही. बसा, एक अख्खं पान टाइप करा, बाणांच्या कळा आणि डिलीट कुठे आहेत ते बोटांना कळू द्या.

आणि घेण्याआधी त्या मॉडेलचं दुरुस्तीचं पुस्तक उघडा. लेनोवो, डेल, एचपी आपल्या व्यावसायिक मॉडेलची अशी पुस्तकं खुली ठेवतात. बॅटरी काढायच्या पायऱ्या वाचा. मागचं झाकण, चार-सहा स्क्रू, एक कनेक्टर, एवढ्यावर काम होत असेल तर तो लॅपटॉप बॅटरी बदलून आणखी बरीच वर्षं चालेल. कारण लिथियम बॅटरी चार्जिंगच्या काही शे आवर्तनांनंतर उतरणार, हे ठरलेलं आहे. ते पुस्तक मिळतच नसेल तर मी दुसरं मॉडेल बघतो.

डिस्कला हात लावायच्या दिवशी दोन गोष्टी कागदावर हव्यात. पहिली, बॅकअप कुठे आहे, आणि त्यातली एक फाइल परत उघडून बघितली आहे का. दुसरी, बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची ४८ अंकी किल्ली. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बूटच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याच्या, सेटिंगमध्ये जरा बदल केला की निळ्या पडद्यावर विंडोज ही किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण त्या क्षणी खातं उघडायला तुमच्याकडे दुसरं यंत्र असेलच असं नाही. म्हणून ती आधीच छापून ठेवा.

एका मशीनवर दोन्ही सिस्टीम ठेवाव्यात का, असं मघाशी समोरच्या रांगेतून विचारलं गेलं. ठेवता येतात, पण कामाच्या मशीनवर मी ते सुचवत नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता पटकन सुरू व्हायची सोय) चालू राहिलं तर लिनक्सला डिस्कच्या विंडोजवाल्या भागात लिहिता येत नाही. दोघांची घड्याळाची पद्धत वेगळी असल्यामुळे वेळ पुढेमागे होते. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर बूटचा क्रमही कधीकधी बदलतो. प्रत्येकाला उपाय आहे, पण काम अंगावर असताना ते कुणाला करायचे असतात? त्यापेक्षा नवी सिस्टीम नव्या मशीनवर किंवा वेगळ्या एसएसडीवर टाका आणि जुनी जशीच्या तशी राहू द्या. जुन्या विंडोजवर नेट वापरायचं नाही, फक्त अडलेलं काम काढायचं. तुमच्या कामाचं पूर्ण चक्र, तिमाही असेल तर तिमाही, वार्षिक असेल तर वर्ष, नव्या मशीनवर एकदा पार पडू द्या. टोकनने सही झाली, स्कॅनर चालला, वर्षअखेरचा अहवाल निघाला आणि समोरच्याकडे नीट उघडला, की मग जुन्या डिस्कवर काय करायचं ते ठरवा.