सुपरहिरोला उचलून घेणारी माणसं

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर विषय 'फँटसी आणि सुपरहिरो' असा छापलाय, पण त्यातल्या ताकदवान मंडळींबद्दल मी आज जरा कमीच बोलणार आहे. मला बोलायचंय ते त्यांच्या आसपास वावरणाऱ्या साध्या माणसांबद्दल. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळापासून ते थेट मार्व्हलच्या सिनेमांपर्यंत मी हे सगळं आवडीनं वाचत-बघत आलो आहे. आणि माझं मत असं झालंय, की या गोष्टींचा खरा जीव असतो तो नायकाची ताकद संपते तिथे, जिथे दुसरं कुणीतरी त्याला उचलून घेतं. ही माणसं गोष्टीतून काढून टाकली, की वर आकाशात कितीही मोठा नायक उडवा, गोष्ट पोकळ होते.

२००४ सालचा सॅम रेमीचा 'स्पायडर-मॅन २' तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातला ट्रेनचा प्रसंग आठवून बघा. खलनायक डॉक्टर ऑक्टोपस ट्रेनचा ब्रेक निकामी करून निघून जातो. पुढे रूळ संपलेत, डबे माणसांनी भरलेत. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, ट्रेनच्या तोंडाशी उभा राहतो, मास्क आधीच काढून टाकलेला, आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकून ती हातांनी धरून ठेवतो. अंगावरचा पोशाख फाटत जातो, चेहरा वेदनेनं पिळवटून जातो. ट्रेन अगदी टोकाला येऊन थांबते. इथपर्यंतचं सगळं कुठल्याही चांगल्या अ‍ॅक्शन दिग्दर्शकाला जमलं असतं.

पुढची दोन मिनिटं मात्र फक्त रेमीची आहेत. पीटरची शुद्ध हरपते, तो पुढे कलंडणार एवढ्यात फुटलेल्या काचेतून हात येतात. एक, दोन, चार हात. त्याला आत ओढून घेतात आणि डोक्यांवरून, या हातातून त्या हातात असं करत डब्याच्या मध्यावर आणून अलगद खाली ठेवतात. मुंबईच्या लोकलमध्ये कुणाला चक्कर आली, की चेंगरून उभी असलेली गर्दी कुठून कोण जाणे जागा करून देते, तसंच ते. मग एक माणूस त्याच्याकडे बघून म्हणतो, हा तर पोरगा आहे, माझ्या मुलापेक्षाही मोठा नसेल. दोन लहान मुलं मास्क आणून देतात आणि आम्ही कुणाला सांगणार नाही म्हणतात. ऑक्टोपस परत येतो तेव्हा हीच माणसं मध्ये उभी राहतात. आधी मला ओलांडून जा, म्हणतात. त्यांचा काही उपयोग होत नाही बरं का. तो त्यांना एका झटक्यात बाजूला फेकतो. पण त्या पंचवीस-तीस अनोळखी माणसांनी सिनेमाचं वजन आपल्या खांद्यावर घेतलेलं असतं.

या सिनेमात घरमालकाची मुलगी आहे, उर्सुला नावाची. पीटरचं भाडं थकलंय, सगळीकडून तो हरलाय, आणि ही लाजरी, हडकुळी मुलगी त्याच्या दारात येऊन विचारते, चॉकलेट केक खाणार का? सोबत ग्लासभर दूध देते. तो खातो. ती रिकामी बशी घेऊन जाते. या प्रसंगानं कथा तसूभरही पुढे सरकत नाही. आजच्या एखाद्या स्टुडिओत पहिली कात्री त्यालाच लागेल. माझ्यासाठी मात्र सगळ्या सुपरहिरो सिनेमांमधल्या सर्वोत्तम प्रसंगांत त्याची जागा आहे, कारण स्पायडर-मॅन ज्यांच्यासाठी जिवावर उदार होतो ती माणसं नेमकी कशी आहेत, ते तिथे कळतं.

आता जरा मागे जाऊ, इंग्रज लेखक टोल्कीनकडे. जे. आर. आर. टोल्कीन १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत होता. सिग्नल्सचं काम बघणारा तरुण अधिकारी. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, ब्रिटिश सैन्याची १९ हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांत त्याचा शाळेपासूनचा मित्र रॉब गिल्सन होता. दुसरा मित्र, जेफ्री स्मिथ, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेला. टोल्कीन स्वतः खंदकातल्या तापानं आजारी पडून इंग्लंडला परतला म्हणून वाचला. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५मध्ये तीन भागांत आलं तेव्हापासून आजपर्यंत लोक म्हणत आलेत, की हे पलायनवादी वाङ्मय आहे. त्यावर टोल्कीननं १९३९च्या एका व्याख्यानात आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. कैद्यानं तुरुंगातून सुटायची धडपड करणं वेगळं आणि सैनिकानं रणातून पळून जाणं वेगळं, टीकाकार या दोहोंची गल्लत करतात, असं तो म्हणाला. सॉमहून आलेल्या माणसाला हे म्हणायचा अधिकार होता.

पण मला सांगायचंय ते सॅमबद्दल. सॅम गॅमजी. कथेचा नायक फ्रोडो, त्याच्या घरचा माळी. एक दुष्ट, जादूची अंगठी माउंट डूम या ज्वालामुखीत फेकून नष्ट करायला हे दोघं निघालेत. टोल्कीननं म्हणून ठेवलंय, की सॅम हे १९१४च्या युद्धात भेटलेल्या साध्या शिपायांचं आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणाऱ्या सैनिकांचं प्रतिबिंब आहे, आणि ही माणसं माझ्याहून कितीतरी श्रेष्ठ आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. आता माउंट डूमचा चढ आठवा. फ्रोडो चालू शकत नाही, रांगायला लागलाय. सॅम म्हणतो, ती अंगठी मला तुमच्यासाठी वाहता येणार नाही, पण तुम्हाला वाहता येईल. आणि त्याला पाठीवर घेतो. इथे टोल्कीन एक बारीक गोष्ट लिहितो. सॅमला भीती असते, की मालकाबरोबर अंगठीचंही भयंकर वजन आपल्यावर येणार. प्रत्यक्षात फ्रोडो हलका लागतो. एखाद्या लहान पोराला पाठुंगळी घ्यावं, तसा. जादूच्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं आश्चर्य तो असं दोन-तीन ओळींत सांगून मोकळा होतो.

आणि वर पोचल्यावर काय होतं? फ्रोडो हरतो. हे नीट लक्षात घ्या, कारण सिनेमाच्या गडबडीत ते निसटतं. अंगठी फेकण्याऐवजी तो ती बोटात घालतो आणि माझी म्हणतो. जग वाचतं ते गॉलममुळे, म्हणजे पूर्वी ही अंगठी ज्याच्याकडे होती आणि जो तिच्यापायी झुरत मागे लागलाय, त्या प्राण्यामुळे. तो फ्रोडोचं बोट तोडून अंगठी घेतो आणि आनंदानं नाचता-नाचता कड्यावरून खाली जातो. पीटर जॅक्सननं सिनेमात तिथे दोघांची झटापट घातली. मला ते पटलं नाही. पुस्तकात कुणी कुणाला ढकलत नाही. गॉलम तिथपर्यंत जिवंत पोचतो कारण आधी बिल्बोनं, म्हणजे फ्रोडोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्यानं, मग फ्रोडोनं, आणि अगदी शेवटी त्या चढावर हातात तलवार असताना सॅमनं त्याला सोडून दिलेलं असतं. तीन साध्या माणसांनी तीन वेळा हात आवरला, त्यावर शत्रूचं राज्य मॉर्डॉर कोसळतं. ११ ऑस्कर मिळवणाऱ्या त्या सिनेमावर माझं प्रेम आहे, पण एवढी एक तक्रार मी कायम करत राहणार.

ताकद संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र टोल्कीनपेक्षाही खोलवर जाऊन विचारला तो अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी. त्यांची 'अर्थसी' मालिका १९६८ साली सुरू झाली. गेड हा त्यातला सगळ्यात मोठा जादूगार, आणि तो गोरा नाही, तांबूस-तपकिरी कातडीचा आहे. त्या काळी हे किती धाडसाचं होतं! १९७२च्या तिसऱ्या पुस्तकात मृत्यूच्या राज्यातली भेग बुजवताना गेडची सगळी जादू संपते, आणि अरेन नावाचा तरुण राजपुत्र त्याला तिथून परत आणतो. इथे बहुतेक लेखकांनी पडदा टाकला असता. ले ग्विन यांनी १८ वर्षं जाऊ दिली आणि १९९०मध्ये 'तेहानू' लिहिलं. त्यात गेड अर्धमेला होऊन घरी येतो, दुसऱ्या पुस्तकाची नायिका टेनार त्याची शुश्रूषा करते. राज्याभिषेकाचं आमंत्रण घेऊन राजाची माणसं आली, तर हा लाजेनं लपून बसतो. मग डोंगरावर जाऊन शेळ्या राखतो. एका रात्री टेनारच्या घरावर गुंड चालून येतात तेव्हा हा एकेकाळचा महाजादूगार हातात गवत उपसायचा काटा घेऊन त्यांच्यावर धावतो.

बऱ्याच चाहत्यांना हे पुस्तक आवडलं नाही. आमच्या नायकाचं हे काय करून ठेवलं, असा सूर होता. मी 'तेहानू' पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो. ज्यांनी फँटसी म्हणजे लहान मुलांचा खेळ असं ठरवून टाकलंय, त्यांच्या हातात मी हेच पुस्तक देतो. निवृत्त झालेल्या कुठल्याही कर्तबगार माणसाला त्यातला गेड ओळखीचा वाटेल.

आता सध्याच्या सुपरहिरो सिनेमांकडे येतो, आणि थोडं रागानं येतो. २०१६चा 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' घ्या. सुरुवातीला एक आई टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, गाठते. मुलाचा फोटो त्याच्या हातात देते आणि सांगते, तुमच्या सोकोव्हियातल्या लढाईत हा गेला. त्या बाईच्या नजरेपुढे आयर्न मॅन लहान होतो. सुरेख प्रसंग आहे. आता वाटतं, की सिनेमा याच्याशी भिडणार. पण पुढे मुख्य आकर्षण काय, तर बारा सुपरहिरोंची विमानतळावरची मारामारी, आणि ते विमानतळ आधीच रिकामं करून घेतलेलं! एकही प्रवासी नाही, एकही हमाल नाही, सफाई कामगार नाही. म्हणजे सामान्य माणसांना दुखापत होते हा प्रश्न त्यांनी सोडवला कसा, तर सामान्य माणसंच चौकटीबाहेर काढून. हीच खोड मग पुढच्या कित्येक सिनेमांना लागली. ओसाड ग्रह, करड्या रंगाची रणांगणं, दोन्हीकडून धावत येणाऱ्या फौजा. कुणाला वाचवताय, तेच दिसत नाही. लोक म्हणतात, प्रेक्षक सुपरहिरोंना कंटाळले. मला वाटतं, प्रेक्षक पडद्यावर स्वतःला शोधत होते आणि सापडेनासे झाले.

गर्दी नेहमी चांगलीच असते, असं मात्र मी म्हणत नाही. २०२१चा मल्याळम सिनेमा 'मिन्नल मुरली' बघा. केरळमधल्या एका खेड्यात एका शिंप्याला आणि एका चहाच्या टपरीवर राबणाऱ्या माणसाला एकाच विजेची शक्ती मिळते. टपरीवरच्या शिबूला गावानं वर्षानुवर्षं वेडा ठरवून हिणवलंय. गुरू सोमसुंदरमनं ते काम असं केलंय, की खलनायकासाठी जीव तुटतो. ज्या गावानं त्याला कधी जवळ घेतलं नाही, त्याच गावानं लावलेल्या आगीत त्याचं प्रेम जळून जातं. न्यूयॉर्कच्या ट्रेनमधल्या हातांच्या बरोब्बर उलटे हे हात आहेत, आणि म्हणूनच तो सिनेमा खरा वाटतो. नोलनच्या २००८च्या 'द डार्क नाइट' या बॅटमनच्या सिनेमातही दोन बोटी आहेत, एकीत नागरिक, दुसरीत कैदी, दोघांच्या हाती एकमेकांना उडवून द्यायचं यंत्र. एक धिप्पाड कैदी ते यंत्र घेतो आणि खिडकीतून फेकून देतो. बॅटमन तिथे नाहीच.

हे सगळं सुरुवातीपासून या प्रकाराच्या रक्तात होतं. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी काढलेला सुपरमॅन १९३८मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, तेव्हा त्याला उडतासुद्धा येत नव्हतं, तो फक्त लांब उड्या मारायचा. त्या पहिल्या गोष्टीत तो काय करतो? फाशी... म्हणजे विजेच्या खुर्चीवर चढवल्या जाणाऱ्या निरपराध बाईला वाचवतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो. एका भ्रष्ट सिनेटरच्या मागे लागतो. परग्रहावरचं सैन्य वगैरे काही नाही. महामंदीतल्या अमेरिकेत शेजारीपाजारी जे घडत होतं, तेच.

त्या दोघांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. पुढे सुपरमॅनवर कंपन्या गब्बर झाल्या आणि सत्तरच्या दशकात सीगल कारकुनी करत होता, शूस्टरची दृष्टी जवळपास गेली होती. १९७५मध्ये, सुपरमॅनचा मोठा सिनेमा येणार अशी बातमी आल्यावर, सीगलनं जाहीरपणे आवाज उठवला. आणि त्याच्या मागे उभे राहिले ते दुसरे चित्रकार. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी वर्तमानपत्रं, टीव्ही, व्यंगचित्रकारांची संघटना, सगळीकडे हा विषय लावून धरला. शेवटी दोघांना वर्षाला २० हजार डॉलर मानधन आणि सुपरमॅनचे जनक म्हणून नाव मिळालं. १९७८च्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत ती नावं आहेत, पुन्हा बघाल तेव्हा जरूर वाचा. बॉब केनबरोबर बॅटमन घडवणाऱ्या बिल फिंगरला एवढंही भाग्य लाभलं नाही. तो १९७४मध्ये गेला आणि त्याचं नाव बॉब केनच्या शेजारी अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडावं लागलं. तेही त्याच्या नातीनं आणि एका चिवट चाहत्या लेखकानं पिच्छा पुरवला म्हणून. सीगल-शूस्टरच्या वारसांच्या कोर्टकचेऱ्या त्या मानधनाच्या तडजोडीनंतरही बरीच वर्षं चालल्या, त्यावर सविस्तर बोलायचं तर आणखी तासभर लागेल. कुणाला त्यात रस असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर विचारा.