सातव्या रांगेतून घुंगरू: नृत्याच्या फोटोंसाठी टेलिफोटो लेन्स निवडताना

नमस्कार मंडळी. विषय लेन्सचा आहे, पण सुरुवात आपण खुर्चीपासून करू. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती लांबचं ओढायचंय?’ नृत्याच्या बाबतीत माणूस बहुधा तिथेच चुकतो. लांबचं ओढणारी लेन्स स्वस्तातसुद्धा मिळते. बंद सभागृहात, कमी उजेडात, हलणाऱ्या माणसाचे डोळे आणि बोटं स्वच्छ देणारी लेन्स महाग असते आणि जडही असते. त्यामुळे पैसे कशासाठी मोजायचे हे आधी ठरवलं पाहिजे, आणि ते तुम्ही कुठे बसणार यावर ठरतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहात जा आणि पावलं मोजा. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटरचं असतं. पहिली रांग रंगमंचापासून अडीच मीटरवर, नर्तकी कडेपासून अडीच मीटर आत, दोन रांगांमध्ये एक मीटर असं धरलं तर पाचवी रांग तिच्यापासून ९ मीटरवर पडते आणि सातवी ११ मीटरवर. प्रत्येक सभागृहाची मापं वेगळी असतात, म्हणून हे आकडे फक्त नमुन्यादाखल घ्या.

आता हिशोब. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. क्रॉप सेन्सर निकॉन, सोनी, फुजीत साधारण २३.५ बाय १५.६ चा, कॅननमध्ये त्याहून किंचित लहान. सेन्सरची जी बाजू विचारात घ्यायची तिला अंतराने गुणा आणि फ्रेममध्ये जितके मीटर मावायला हवेत त्याने भागा. फोकल लेंथ मिळाली, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा; तो मोठा तितकं लांबचं जवळ येतं.

उभ्या फोटोत नर्तकी पायापासून डोक्यापर्यंत हवी, वर उचललेल्या हाताला जागा हवी आणि पायाखाली थोडी जमीन हवी. त्याला २.४ मीटर लागतात. सातव्या रांगेतून ३६ गुणिले ११ भागिले २.४ म्हणजे १६५ मिमी. क्रॉप बॉडीवर, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तेच काम १०८ मिमी करते. कमरेपासून वर, हातांसकट आडवा फोटो हवा असेल तर उंचीत १.२ मीटर पुरतात. तिथे फुल फ्रेमला २२० मिमी लागेल, क्रॉपला १४३. म्हणजे ७०-२००, अर्थात ७० ते २०० मिमी झूम होणारी लेन्स सातव्या रांगेतून जवळजवळ सगळं करते, थोडं क्रॉपिंग गृहीत धरून. ३०० किंवा ४०० पर्यंत जाणारी लेन्स घेण्याचं कारण या हिशोबात कुठेच सापडत नाही.

समूहनृत्याचं काय? ७०-२०० सत्तरवर ठेवली तरी ११ मीटरवरून फुल फ्रेमला साडेपाच मीटरच्या आसपास रुंदी दिसते आणि क्रॉपला पावणेचार. नऊ मीटर रुंद रंगमंच मावणार नाही. सगळा मंच हवा असेल तर २४-७० लागेल. क्रॉप बॉडी असेल तर कॅमेऱ्याबरोबर किटमध्ये मिळणारी १८-५५ सुद्धा चालेल. नुसत्या टेलिफोटोवर विसंबून गेलेल्याचा शेवटचा सामूहिक प्रवेश हमखास हुकतो.

खुर्ची कुठली? पहिली रांग मोहात पाडते, पण तिथून कॅमेरा खालून वर बघतो. रंगमंचाची कड, माइक आणि मॉनिटर स्पीकर पावलं झाकतात. ज्या नृत्याचा निम्मा जीव पायात आहे त्याचे पाय कापून कसं चालेल? तुमची नजर रंगमंचाच्या जमिनीच्या थोडी वर येते ती रांग शोधा. बहुतेक ठिकाणी ती चौथी ते सातवी असते. भरतनाट्यम असेल तर मध्यावर बसा. अरमंडीत, म्हणजे अर्धं बसलेल्या ढबीत, गुडघे दोन्ही बाजूंना उघडतात आणि त्यातून तयार होणारी भूमिती समोरूनच पूर्ण दिसते. बाजूने एक गुडघा आखडल्यासारखा वाटतो. लावणीतही नजरेचा खेळ समोरच्या प्रेक्षकाशी असतो, म्हणून तिथेही मध्यच. कथकच्या चकरांना बाजूची खुर्ची चालते.

आता उजेडाकडे येऊ, कारण लेन्सची खरी किंमत इथेच वसूल होते. आपल्याकडच्या साध्या सभागृहांत एफ २.८ (अपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं; आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/५०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० हे आकडे नेहमीचे आहेत. स्वस्त ७०-३०० लेन्स २००च्या आसपास एफ ५.६ला पोहोचते. २.८ ते ५.६ म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप उतरलं की उजेड निम्मा), म्हणजे उजेड चौथा हिस्सा. मग शटर १/१२५ वर आणा, नाहीतर आयएसओ १२८०० वर न्या. तिसरा रस्ता नाही. एफ ४ची ७०-२०० वजनाला आणि खिशाला सोसते, पण तीही २.८च्या निम्माच उजेड घेते. नव्या फुल फ्रेम बॉडीवर आयएसओ ६४०० निभावतं, तिथे ती चालून जाईल. जुन्या क्रॉप बॉडीवर तिचा आग्रह धरू नका. टेलिकन्व्हर्टरचं, म्हणजे फोकल लेंथ वाढवायला लेन्सच्या मागे लावायच्या जोडभिंगाचं, तेच. १.४चा एक स्टॉप खातो, २चा दोन.

आयएसओ वाढवल्यावर फोटोत येणाऱ्या दाण्यांना, म्हणजे नॉइजला, फार घाबरू नये. नॉइज नंतर बराच कमी करता येतो, हललेला चेहरा मात्र कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

१/५०० कशासाठी, हे एका चकरेवरून पाहू. नर्तकी सेकंदाला एक फेरी घेते आहे आणि हात पसरलेला आहे असं समजा. बोटाचं टोक शरीराच्या मध्यापासून पाऊण मीटरवर असेल तर ते एका सेकंदात ४.७ मीटर कापतं. १/१२५ मध्ये ते जवळजवळ चार सेंटिमीटर सरकतं, म्हणजे बोटांच्या जागी पट्टा उमटतो. १/५०० मध्ये साधारण नऊ मिलिमीटर सरकतं आणि बोटं ओळखू येतात. चेहरा मध्याच्या जवळ असल्यामुळे त्याच वेळी तो फार कमी सरकतो. म्हणून चकरेत चेहरा स्वच्छ आणि हात फिसकटलेले असा फोटो मिळतो. घेर थोडा वाहता दिसावा असं वाटत असेल तर १/२५० मुद्दाम ठेवा. बोटं हवी असतील तर १/१०००. तत्कार (कथकमधलं पायांचं काम) आणि लावणीतल्या घुंगरांच्या पायांना १/५०० च्या खाली उतरू नका. अभिनयात, जिथे नर्तकी बसून किंवा उभी राहून नजरेनेच बोलते, तिथे १/२०० पुरतं. वाचलेला उजेड आयएसओ उतरवायला वापरा.

ताल समजणाऱ्याचं काम तर आणखी सोपं होतं. तीनतालात सोळा मात्रा आणि सम पहिल्या मात्रेवर. तिहाईत एकच तुकडा तीनदा येतो आणि शेवटचा ‘धा’ समेवर पडतो. तिहाई सुरू झाली की तुकडा दुसऱ्यांदा येतानाच झूम थोडा मागे घ्या. चकरा घेत समेवर येताना घेर पसरतो, त्याला तीन मीटर रुंदी लागते, आणि तेवढी रुंदी ११ मीटरवरून फुल फ्रेमला १३२ मिमीवर मिळते. मग समेवर ती क्षणभर ठाम थांबते. मान ताठ, एक हात वर, दुसरा छातीशी, घेर अजून अंगाभोवती फिरतोय. त्या क्षणाला दहा फ्रेमच्या बर्स्टची, म्हणजे सलग धडाधड फोटोंची, गरज नसते. ‘धा’च्या किंचित आधी दाबलेलं बटण पुरतं. बोट आणि शटर या दोघांनाही थोडा वेळ लागतो, म्हणून आधी दाबायचं.

तर घ्यायची कोणती? व्यवसाय करणार असाल तर ७०-२०० एफ २.८. नवी घेतली तर बहुतेक लाखाच्या पुढे जाते. डीएसएलआरच्या जमान्यातल्या अशा लेन्स दीड किलोच्या आसपास भरतात. मिररलेससाठीच्या काही नव्या लेन्स एक किलोच्या जवळ आल्या आहेत. सोनीच्या बॉडीसाठीची टॅमरॉनची ७०-१८० एफ २.८ तर ८००-८५० ग्रॅमची आहे, आणि वीस मिलिमीटर कमी असल्याने फारसं बिघडत नाही. बॉडी धरून दोन किलो हातात घेऊन दोन तास बसायचं म्हणजे मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) हवाच, आणि तो लेन्सच्या कॉलरला, म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्याला लावा. ट्रायपॉड मागच्या प्रेक्षकांच्या आड येतो आणि ठेक्यावर लाकडी जमिनीतून थरथरतोही.

बजेट कमी असेल तर माझा कौल ८५ एफ १.८ला. ही लेन्स २.८पेक्षा जवळपास अडीच पट उजेड घेते, वजन निम्म्याहून बरंच कमी आणि किंमतही आवाक्यात. क्रॉप बॉडीवर पाचव्या रांगेतून उभ्या फ्रेममध्ये बरोबर अडीच मीटर मावतात, म्हणजे पूर्ण नर्तकी. अरंगेत्रमसारख्या (भरतनाट्यम शिकणारीचं पहिलं रंगमंचप्रदर्शन) एकल कार्यक्रमाला या जोडीने उत्तम काम होतं. फुल फ्रेम असेल तर त्याच रांगेतून १३५ मिमी हेच काम करते. अशा एकाच फोकल लेंथच्या लेन्सला प्राइम म्हणतात. प्राइममध्ये झूम नसतो, ही तिची खरी अडचण. नर्तकी पुढे आली की हात कापला जातो. म्हणून थोडी सैल फ्रेम ठेवा.

फोकसची खोली. २०० मिमीवर एफ २.८, ११ मीटर अंतर, फुल फ्रेम. स्पष्ट दिसणारा पट्टा सगळा मिळून अर्ध्या मीटरचा, म्हणजे डोळ्यांच्या पुढे पाव मीटर आणि मागे पाव मीटर. समोर ताणलेला हात साठ सेंटिमीटर पुढे असतो, तो धूसर येणारच. एफ ५.६ केलं तरी पूर्ण सुटत नाही आणि उजेड मात्र जातो. त्यापेक्षा हस्तमुद्रा गालाशी किंवा खांद्याच्या रेषेत येईल तो क्षण धरा. उलट ७० मिमीवर २.८लाच चार मीटरचा पट्टा मिळतो. म्हणून समूहासाठी अपर्चर बंद करत बसू नका.

स्टॅबिलायझेशनबद्दल मोठा गैरसमज आहे. ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं. नर्तकीची हालचाल थांबवणं त्याच्या हातात नाही. ‘चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे म्हणून एफ ५.६ चालेल’ असं कोणी सांगितलं तर ते स्थिर वस्तूंपुरतं खरं आहे. १/५०० वर त्याचा उपयोग जेमतेम, अभिनयाच्या १/२०० वर मात्र चांगला.

सेटिंगमधल्या काही गोष्टी लेन्सइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मागे काळा पडदा असतो, त्यामुळे पूर्ण फ्रेमचं मीटरिंग (कॅमेऱ्याने उजेड मोजणं) चेहरा पांढरा फटक करतं. मॅन्युअलवर जा किंवा चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा. फोकस असिस्टचा लाल दिवा बंद ठेवा. फ्लॅश तर नकोच, तो नर्तकीच्या डोळ्यात जातो आणि रंगयोजनाही मारतो. एलईडी दिव्यांत सायलेंट शटर लावलं की फोटोत आडवे पट्टे येतात, कारण दिवा लुकलुकत असतो आणि बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. तिथे मेकॅनिकल शटर वापरा, आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. गडद लाल किंवा जांभळ्या उजेडात एकच रंग आधी फुटतो. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ते दाखवत नाही, तीन रंगांचा वेगळा बघा आणि एक स्टॉपपर्यंत कमी ठेवा.

आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने न आक्रसता नोंदवलेली मूळ फाइल, जपा. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. त्या जुन्या रंगमंचावरचे फोटो ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आता या शहराचा दस्तऐवज आहे. मोबाइलवर पाठवलेली आक्रसलेली प्रत त्याची जागा घेऊ शकत नाही. दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

जुनी लेन्स घेताना टॉर्च घेऊन जा. मागून प्रकाश टाकून समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवा. आपल्याकडचा पावसाळा लांब आणि दमट असतो. चामड्याच्या बंद पिशवीत चार महिने पडलेल्या लेन्सला ती धरतेच. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ते नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, आणि जेल ओलावलं की गरम करून परत वापरा. नंतर २.८वर भिंतीला लावलेल्या वर्तमानपत्राचा सरळ समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे तपासा. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे.

श्रोत्यांतून प्रश्न आला आहे, भाड्याने घेतली तर? जरूर घ्या. पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नको, रंगीत तालमीच्या दिवशी घ्या. तालमीला दिवे तेच असतात, पोशाख तोच असतो आणि प्रेक्षक नसल्याने रांगा बदलून बघता येतात. पाचव्या, सातव्या, दहाव्या रांगेतून फोटो काढा, घरी जाऊन फोटोंवर नोंदलेली फोकल लेंथ बघा. बहुतेक फोटो ८० ते १३५च्या दरम्यान असतील तर ८५ची प्राइम घेऊन पैसे वाचवा. १५०च्या पुढेच गर्दी असेल तर ७०-२०० घ्या.

दुसरा प्रश्न, विंगेतून काढता येईल का? येतं. चार-पाच मीटरवरून ८५ मिमी भरपूर होते. बाजूचा दिवा चेहऱ्याची कड उजळतो, आणि एक्झिटच्या वेळी नर्तकीचा सुटलेला श्वासही दिसतो. मात्र आधी गुरूंची परवानगी घ्या, काळे कपडे घाला, कॅमेऱ्याची मागची स्क्रीन बंद करून व्ह्यूफाइंडरमधूनच बघा, आणि ज्या विंगेतून प्रवेश आहे ती सोडून समोरच्या विंगेत उभे राहा.