राज्याबाहेरचा अर्ज

पांढऱ्या खांबांवरचा हा लहानसा घुमट म्हणजे ओल्ड वेल. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसची ही ओळख. वर्ग सुरू होतात त्या दिवशी मुलं इथलं पाणी पिण्यासाठी रांग लावतात. त्याने चांगले मार्क मिळतात, अशी समजूत आहे.

त्या रांगेत राज्याबाहेरची मुलं किती असावीत, हे १९८६ सालीच ठरलं. पहिल्या वर्षाच्या शंभर जागांपैकी जास्तीत जास्त १८. परदेशी मुलंही त्यातच. आणि अर्ज? बाहेरून येणारेच कितीतरी जास्त. म्हणून अलीकडे राज्यातल्या दहा अर्जदारांपैकी साधारण चौघांना प्रवेश मिळतो, बाहेरच्या दहांपैकी एकालाही धड नाही. सगळ्यांचा मिळून जो टक्का छापून येतो, तो या दोघांपैकी कुणाचाच नसतो. न्यू जर्सीतल्या एडिसनचे मराठी आईवडील मात्र तोच बघून आशा धरतात, आणि नकार आला की मुलगी कुठे कमी पडली ते शोधत बसतात. ती कमी पडलेली नसते. तिच्या वाट्याच्या जागाच मोजक्या असतात.

हा नियम अन्यायाचा आहे का? मला तसं वाटत नाही. शक्य तितकं मोफत उच्च शिक्षण राज्यातल्या लोकांना मिळावं, असं नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. विद्यापीठ त्यांच्या करावर उभं आहे. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाइल काढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठातल्या ९० टक्के जागा टेक्सासच्याच मुलांना. मिशिगनला अशी मर्यादा नाही. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात जवळपास निम्मी मुलं बाहेरची. कॅलिफोर्नियाची कथा पैशांची आहे. २००८ च्या मंदीनंतर सरकारने अनुदान कापलं, तेव्हा जादा फी भरणारी बाहेरची मुलं विद्यापीठांना हवी होती. घरची मुलं मागे पडतात म्हणून पालक संतापले, २०१६ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले, आणि २०१७ मध्ये तिथेही मर्यादा आली.

तेव्हा यादी करताना आधी बघा, राज्याबाहेरच्यांचा आकडा वेगळा दिलाय का. आणि एडिसनहून गाडीने थोड्याच वेळात न्यू ब्रन्सविक येतं. तिथल्या रटगर्स या सरकारी विद्यापीठात ही मुलगी राज्यातली आहे, आणि फीसुद्धा राज्यातलीच.