तांबट आळीतलं ताम्हण

(दृश्य : सकाळची अरुंद गल्ली. आधी फक्त ठोक्यांचा आवाज.)

उन्हाळ्यात झाडावर बसून दिवसभर 'टुक टुक' करणाऱ्या पक्ष्याला आपण तांबट म्हणतो. ते नाव ज्यांच्या हातोड्यावरून पडलं, ते लोक इथे राहतात. पुणे, कसबा पेठ, तांबट आळी.

पेशव्यांच्या काळात त्वष्टा कासारांची, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची, कुटुंबं कोकणातून इथे आली. १८१८ साली पेशवाई गेली. हंडे, घंगाळं, बंब आणि देवाची उपकरणी घडवत आळी मात्र चालू राहिली.

(दृश्य : भट्टी. तांब्याची गोल चकती.)

आज ताम्हण घडतंय. संध्येचं पाणी ज्यात सोडायचं, देवांना ज्यात आंघोळ घालायची, ते पसरट भांडं.

थंड तांबं ठोकत राहिलं की ताठरतं. तसंच दामटलं तर चिरतं. म्हणून चकती लाल होईपर्यंत तापवायची आणि पाण्यात बुडवायची. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं. मग ठोकून खोलगटपणा आणायचा. ताठरलं, की पुन्हा भट्टी.

(दृश्य : हात, अगदी जवळून.)

आता या हातांकडे बघा. हे मठारकाम.

हातोडा एकाच जागी पडतोय. फिरतंय ते भांडं, डाव्या हातानं, ठोक्यागणिक जरासं. पहिला ठोका मधोमध, मग त्याच्याभोवती फेरा, त्याच्याबाहेर दुसरा, असं थेट काठापर्यंत. पत्र्यावर एकही रेघ आखलेली नाही. हातोड्याचं तोंड आरशासारखं घासून ठेवलेलं असतं, कारण त्यावरचा बारीकसा ओरखडाही प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उमटतो.

हे चमकतं म्हणून आपल्याला आवडतं. पण भट्टीतून आलेलं मऊ तांबं हातानं दाबलं तरी वाकतं, त्याला बळकटी येते ती या ठोक्यांनी. यंत्रावर नुसत्या खळ्या उमटवलेली भांडीही बाजारात आहेत. विकत घेताना बोटं फिरवून बघा. हाताच्या कामात शेजारशेजारचे दोन ठोकेसुद्धा तंतोतंत सारखे नसतात.

(दृश्य : दुकानाची फळी.)

पळी-पंचपात्र, कलश, अभिषेकपात्र. आणि हे घंगाळ. पूर्वी न्हाणीघरात असायचं, आता दिवाणखान्यात पाणी आणि झेंडूची फुलं घालून ठेवतात. ठेवू देत. त्यानं आळीला काम मिळतं.

(दृश्य : बंद दार.)

गीझर आले, बंब गेले. ठोक्यांनी कान जातात. मुलं दुसऱ्या कामाला लागली.

(दृश्य : देवघर. चिंचेनं घासलेलं तेच ताम्हण, त्यात बाळकृष्ण.)

पहिली पळी.

(निवेदन थांबते. पाण्याचा आवाज.)