दुरुस्त केलेल्या जुन्या ड्रम सेटची किंमत कशी ठरवावी
(सोलापूर येथे जुन्या वस्तूंच्या संग्राहकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थित मंडळींनो, संग्रह जमवण्याविषयी आपण आपापसांत पुष्कळ बोलतो, पण तो कमी करण्याची वेळ आली की प्रत्येक जण गप्प होतो आणि घाईने, कोणालाही न विचारता, मिळेल त्या भावाला वस्तू काढून टाकतो. घर लहान होते, मुलांकडे पुण्याला राहायला जायचे ठरते, किंवा बावीस इंची बेस ड्रम जिन्यावरून खाली आणणे आता आपल्याच्याने होणार नाही हे कळून चुकते. ड्रम सेट ही जागा खाणारी वस्तू असल्यामुळे संग्रहातून बाहेर जाण्याचा पहिला मान बहुधा तिलाच मिळतो. म्हणून आज मी फक्त एकाच प्रश्नापुरते बोलणार आहे. जुना परदेशी ड्रम सेट आपण दुरुस्त केला, वाजता केला, आणि आता तो विकायचा आहे, तर किती रुपये सांगावेत? माझे उत्तर आरंभीच सांगतो. दुरुस्तीवर किती खर्च झाला यावरून ही किंमत ठरत नाही. दुरुस्तीनंतर मूळचे काय शिल्लक राहिले आणि ते गिऱ्हाइकाला दाखवता येते का, यावरून ती ठरते.

आपल्यापैकी नाणी जमवणाऱ्यांना हे लगेच पटेल. जुने नाणे चिंच लावून घासले की ते सुंदर दिसते आणि त्याची किंमत उतरते. ड्रमच्या बाबतीत मात्र एवढे सरळ नाही, कारण ड्रम हे वाद्य आहे आणि ते वाजलेही पाहिजे. त्यामुळे दुरुस्तीचे दोन भाग मनात वेगळे करावे लागतात. नवी हेड्स, म्हणजे वाजवायचे ताणलेले पडदे, चढवणे, स्नेअर या खालून तारा लावलेल्या ड्रमच्या तारा बदलणे, लग, म्हणजे ताण देणारे बोल्ट ज्यांत बसतात ते ड्रमच्या अंगावरचे धातूचे भाग, उघडून आतल्या स्प्रिंगा साफ करणे, बोल्टना तेल देणे, क्रोम हलक्या हाताने पुसणे, ही कामे परत फिरवता येतात आणि त्यांनी किमतीला धक्का लागत नाही. शेलला, म्हणजे ड्रमच्या गोल पिंपाला, नवे छिद्र पाडणे, शेलची हेड टेकते ती कड पुन्हा कापणे, शेलवर बाहेरून चिकटवलेले मूळचे आवरण, म्हणजे रॅप, सोलून नवा चिकटवणे आणि लगना पुन्हा क्रोम करणे ही कामे परत फिरत नाहीत. कडेचे काम चांगल्या कारागिराने केले असेल तर वाजवणारा माणूस त्याचे स्वागत करतो आणि संग्राहक नाक मुरडतो. म्हणून आपल्या सेटचे गिऱ्हाईक वादक आहे की संग्राहक, हे किंमत सांगण्याआधी ठरवावे लागते.

रॅपविषयी थोडे अधिक बोलतो, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच कमी-जास्त होतात. साठच्या दशकातील सेटवरचा रंगीत प्लास्टिकचा रॅप उन्हाने आणि सिगारेटच्या धुराने पिवळा पडतो. पांढरा मोतिया रॅप सायीच्या रंगाचा होतो आणि निळी चमकी चक्क हिरवट दिसू लागते, कारण वरचा पारदर्शक थर पिवळा पडलेला असतो. जाणकार गिऱ्हाईक एखादा लग उघडून त्याखालचा, प्रकाश न लागलेला रंग पाहते, आणि तो गडद निळा निघाला की समाधानाने मान डोलावते. असा रंग बदललेला, एखाद्या कोपऱ्यात चीर गेलेला मूळ रॅप हा नव्या चकचकीत रॅपपेक्षा महाग असतो, हे घरच्या मंडळींना पटवणे कठीण आहे. आपल्या सोलापुरात एक अडचण आणखी आहे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या सेटच्या रॅपचा जोड सुटतो. असा सुटलेला जोड पुन्हा चिकटवता येतो. त्यासाठी सगळा रॅप काढून टाकायला सांगणारा कारागीर भेटला, तर सेट उचलून घरी आणावा.

आता जुनेपणा सिद्ध करण्याचा प्रश्न घेऊ. शिकागोच्या लुडविग कंपनीचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. साठच्या दशकातील तिच्या ड्रमवर कीस्टोनच्या, म्हणजे कमानीच्या मधल्या दगडाच्या, आकाराचा बॅज असतो आणि १९६३ च्या अखेरीपासून त्यावर अनुक्रमांकही येऊ लागले. परंतु कारखान्यात हे बॅज क्रमाने लावले जात नव्हते. कामगार पेटीतून हाताला येईल तो उचलत असत, त्यामुळे अनुक्रमांकावरून सालाचा केवळ अंदाज बांधता येतो. त्याहून भरवशाचा पुरावा म्हणजे शेलच्या आत शाईने मारलेला तारखेचा शिक्का. तो बहुतेक वेळा लाल शाईत असतो. त्या काळच्या शेलला आतून पांढरा रंग दिलेला असे, आणि दशकाच्या अखेरीस त्याची जागा पारदर्शक पॉलिशने घेतली. दुरुस्ती करताना एखाद्याने आतून नवा रंग मारला, तर तो शिक्का गेला आणि त्याच्याबरोबर तुमचा पुरावाही गेला. माझ्या मते आतली बाजू साबणाच्या पाण्यानेसुद्धा पुसू नये.

जुने म्हणजे दुर्मीळ, ही समजूतही येथेच दूर करायला हवी. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी इंग्लंडचा बीटल्स हा बँड अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दिसला, त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या बेस ड्रमवरचे लुडविग हे नाव घराघरांत पोहोचले, आणि त्या मागणीला पुरे पडण्यासाठी कारखाना रात्रंदिवस चालू लागला. परिणामी १९६५ ते १९६७ या काळातील लुडविग सेट आज जगात पुष्कळ सापडतात. लोक त्यांना पैसे देतात ते आवाजासाठी आणि आठवणीसाठी, दुर्मीळपणासाठी नव्हे. त्याच रिंगो स्टारने १९६३ मध्ये घेतलेला पहिला लुडविग सेट डिसेंबर २०१५ मधल्या लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. ही बातमी वाचून आपल्या माळ्याकडे पाहणारे काही जण मला भेटले आहेत. तो पैसा ड्रमला नव्हता, त्या माणसाला होता. आपला सेट एखाद्या मोठ्या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात वाजला होता असे आधीचा मालक सांगत असेल, तर ते कागदावर, छायाचित्रात किंवा पावतीवर दाखवता आले तरच किमतीत धरावे. तोंडी सांगितलेली कथा चहाबरोबर ऐकावी आणि सोडून द्यावी.

आपल्याकडे जुन्या परदेशी सेटमध्ये प्रीमियर बऱ्याचदा भेटतो. ही इंग्लंडची कंपनी १९२२ साली लंडनमध्ये सुरू झाली. तिच्या साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या अनेक ड्रमचा व्यास आजच्या प्रमाणित मापापेक्षा किंचित वेगळा असतो आणि त्यावर दुकानातले साधे हेड बसत नाही. असा सेट कितीही सुंदर दुरुस्त केला तरी ‘हेड कुठून आणू’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला द्यावेच लागेल. शक्य असल्यास विकण्यापूर्वीच योग्य मापाची हेड्स मिळवून सेटबरोबर द्यावीत. दुसरी गोष्ट मेरठची. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्ये पिढ्यानपिढ्या बनतात आणि तिथले ड्रम आपल्या लग्नाच्या बँडने भरपूर वाजवले आहेत. त्यांत कमीपणा काही नाही, परंतु मेरठच्या शेलवर परदेशी बॅज बसवलेला असेल तर तो उतरवून, सेट मेरठचा म्हणूनच विकावा.

आता आकड्यांकडे येतो. सोयीसाठी असे समजू की पूर्णपणे मूळ स्थितीतील, बावीस, तेरा आणि सोळा इंचांच्या तीन ड्रमच्या सेटची किंमत १०० आहे. हा १०० कुठून आणायचा? कोणी किती मागतो आहे त्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष किती रुपयांना विकले गेले त्यावरून. ईबेवर विक्री पूर्ण झालेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात आणि रिव्हर्ब या वाद्यांच्या संकेतस्थळावरही झालेल्या विक्रीच्या किमती दिसतात. मागितलेल्या किमती वर्षभर तशाच टांगलेल्या असू शकतात. त्यावर विश्वास ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या आशेवर आपला हिशेब बांधणे होय.

समजा आपल्या सेटचा रॅप नवा आहे. जुन्या गिटारच्या व्यापारात नवा रंग म्हणजे निम्मी किंमत असा आडाखा रूढ आहे. ड्रमसाठी मी थोडा उदार राहतो आणि १०० चे ६० करतो, पण शेल मूळचे असतील आणि तारखेचे शिक्के वाचता येत असतील तरच. बेस ड्रमवर आधीच्या मालकाने नव्या पद्धतीचा टॉम होल्डर, म्हणजे वरचा छोटा ड्रम (टॉम) धरणारा आधार, बसवण्यासाठी छिद्रे पाडली असतील, तर ती कितीही सफाईने बुजवली असली तरी आणखी सात-आठ कमी करावेत. बेस ड्रमची हेड दाबून धरणारी एक लाकडी रिंग बदललेली असेल तर योग्य काळातील रिंग घेण्यास जो खर्च येईल तेवढा वजा करावा. अशा रीतीने आपण ५० च्या आसपास येतो. दुरुस्तीवर ४० खर्च झाले होते, हा आकडा या हिशेबात कुठेच येत नाही. विकणाऱ्याला सर्वांत जास्त दुखते ते इथेच. गिऱ्हाइकाने दुरुस्तीची बिले मागितली तर जरूर दाखवावीत, कारण काय काम झाले ते त्यातून कळते. बिलांची बेरीज किमतीत मिळवायला मात्र जाऊ नये.

स्नेअर ड्रमचा विचार वेगळा करावा. लुडविगच्या सुप्राफोनिक ४०० या धातूच्या स्नेअरला सेटशिवायही नेहमी गिऱ्हाईक असते. सुरुवातीचे ४०० पितळी शेलचे होते आणि १९६३ च्या सुमारास शेल ॲल्युमिनियमचे झाले. ॲल्युमिनियमवरचे क्रोम कालांतराने पुटकुळ्यांसारखे उठते आणि सुटते. पितळी असेल तर किंमत बरीच चढते. लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही, त्यामुळे हातात घेऊन वजन पाहावे. पितळी शेल जड लागतो. सेटमध्ये ही स्नेअर देऊन टाकण्यापूर्वी तिची किंमत स्वतंत्रपणे लिहून काढावी. झांजांचेही तसेच. यापुढे जाऊन पूर्ण सेट मोडून लग, रिंगा, बॅज, टॉम होल्डर असे सुटे भाग विकले तर बेरीज बहुधा अधिक होते. परदेशात हे सर्रास चालते. मला ते आवडत नाही आणि साठ वर्षे एकत्र राहिलेले तीन ड्रम मी तरी वेगळे करणार नाही, पण रॅप गेलेला, कड चुकीची कापलेला एकटा टॉम असेल तर त्याच्या लगनी दुसरा एखादा सेट पुरा होऊ द्यावा.

डॉलरमधली किंमत रुपयांत गुणून सांगणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. भारतातील किंमत दोन मर्यादांच्या मध्ये असते. वरची मर्यादा म्हणजे भारतातल्या गिऱ्हाइकाने तसाच सेट परदेशातून मागवला तर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटीसह त्याला जे पडेल ते. खालची मर्यादा म्हणजे तुम्ही तो परदेशी गिऱ्हाइकाला पाठवला, तर भाडे आणि दलाली वजा जाता तुमच्या हाती जे उरेल ते. हेड्स आणि रिंगा काढल्या की तेरा इंची ड्रम सोळात आणि सोळा इंची बावीसमध्ये बसतो, तरीही खोके ६५ बाय ६५ बाय ५० सेंटिमीटरचे होते. विमानाने पाठवणारे कुरिअरवाले घनमापाला ५,००० ने भागून वजन धरतात, म्हणजे प्रत्यक्ष वजन बरेच कमी असले तरी भाडे सुमारे ४२ किलोचे पडते. त्यामुळे या दोन मर्यादांमधले अंतर मोठे असते, आणि त्या अंतरात किंमत कुठे बसेल हे तुम्हाला किती घाई आहे यावर ठरते. जागा पुढच्या महिन्यात रिकामी करायची असेल तर खालच्या मर्यादेजवळ राहावे. वर्षभर थांबता येत असेल तर वरून सुरुवात करावी.

गिऱ्हाईक सोलापुरात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. एकेकाळी गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत ड्रम सेट असे, परंतु १९८५ मध्ये रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य, आला आणि पुढे एका पिशवीत मावणाऱ्या त्या यंत्राने सेटची जागा घेतली. आपल्याकडचे कित्येक सेट त्यानंतरच माळ्यावर गेले. आजचे गिऱ्हाईक पुणे, मुंबई, बंगळुरू आणि ईशान्येकडच्या शहरांत आहे. पुण्याचा माणूस हुतात्मा एक्स्प्रेसने येऊन स्वतः वाजवून पाहू शकतो, आणि त्याने तसे यावे असाच आग्रह धरावा. लांबच्या गिऱ्हाइकाला शेलच्या आतली, लगखालची आणि बुजवलेल्या छिद्रांची छायाचित्रे आधीच पाठवावीत. दोष आपण आधी सांगितला तर त्याची किंमत आपण ठरवतो. गिऱ्हाइकाने शोधला तर तो ठरवतो, आणि मग इतर सर्व गोष्टींवरचा त्याचा विश्वासही कमी होतो.

शेवटी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारले की शिकणाऱ्या मुलाला सेट द्यायचा असेल तर किती सूट द्यावी. मी त्यांना सांगितले की आधी वरच्या पद्धतीने पूर्ण किंमत काढावी, ती कागदावर लिहावी, आणि मग मनाला येईल तेवढी कमी करावी. त्या मुलाला तो कागदही द्यावा, म्हणजे पुढे त्याच्यावर सेट विकायची वेळ आली तर रॅप केव्हा बदलला आणि छिद्रे कोणती बुजवली हे त्याला नव्याने शोधावे लागणार नाही.