पापणीवरचा चावा

(दृश्य : ब्राझीलमधलं कुरिचिबा शहर. भिंतीवरची तसबीर उचलली जाते.)

हा बघा, तसबिरीमागे. लोक्सोसेलीस इंटरमीडिया जातीचा तपकिरी कोळी. ब्राझीलच्या पाराना राज्यात कपाटामागे, खुंटीवरच्या कपड्यांत तो सर्रास सापडतो. डोळे मोजा : सहा, दोन-दोनच्या तीन जोड्या. बहुतेक कोळ्यांना आठ असतात. हा अंगावर धावून येत नाही. झोपेत कूस बदलताना गालाखाली दबला, की चावतो, कधी थेट पापणीवर.

चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. काही तासांनी आग सुरू होते, आणि सकाळी डोळा उघडत नाही. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, खालचा भाग सैल. सूज गालापर्यंत उतरते. विषातल्या स्फिंगोमायलिनेज-डी या विकरामुळे (एन्झाइममुळे) पेशींची आवरणं फाटतात, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. कातडी आधी निळसर, मग काळी.

(दृश्य : प्रयोगशाळा.)

चिमट्यात धरलेला कोळी. विजेचा हलका झटका, आणि विषदंताच्या टोकाशी तो थेंब. दिसला? हे विष मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, त्यामुळे कामापुरतं जमवायला ढिगाने कोळी लागतात. कुरिचिबाजवळ पिराक्वाराच्या सरकारी केंद्रात अशा कोळ्यांच्या तीन जातींचं विष थोडंथोडं करून घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार झाली, की रक्त काढून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा करायचा, तो शुद्ध करायचा, तपासायचा, मग प्रतिविष म्हणून कुपीत भरायचा. एवढी खटपट नफा बघणारी कंपनी कशाला करेल? सरकार करतं, म्हणून सरकारी दवाखान्यात ही कुपी फुकट मिळते. मात्र ती लवकर टोचायला हवी. विष ती निकामी करते. मेलेली कातडी परत आणत नाही.

(दृश्य : नेत्रविभाग.)

इथे आधी डोळ्याचा दाब बघतात. सुजेने तो फारच चढला, तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद देऊन वाट मोकळी करतात. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून मलम. काळ्या खपलीला मात्र कुणी घाईने चाकू लावत नाही. मेलेली कातडी कुठे संपते, हे स्पष्ट व्हायला आठवडे जातात. आधीच कापलं तर जगू शकणारीही जाते, आणि पापणीवर तेवढी शिल्लक नसते. हद्द ठरली, की कानामागची किंवा दुसऱ्या डोळ्याच्या वरच्या पापणीची कातडी काढून इथे बसवतात.

व्रण आकसला तर पापणी बाहेर वळते, डोळा पुरता मिटत नाही, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.